पोचवायला आलेल्यांसाठी एक भिंत

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीहून कुणी परदेशी निघालं की ते एकटं निघत नाही. आई-वडील येतात, भाऊ येतो, सामान उचलायला म्हणून मामा येतो, आणि मामा आला म्हणून त्याचं लेकरूही येतं. तिकीट एकाचं असतं, वाटेला लावायला घर निघतं. देवगिरी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते आणि विमान मध्यरात्रीनंतरचं असतं. मधला दिवस कुणा नातेवाइकाच्या घरी डब्यातल्या दशम्या खात, पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत जातो. रात्री सगळे सहारच्या विमानतळावर पोचतात. दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो आणि एकालाच आत सोडतो. भारतातल्या विमानतळांचा नियमच तसा आहे.

नेमक्या या क्षणी ही इमारत काय करते, त्यासाठी मला मुंबई विमानतळाचं दुसरं टर्मिनल, म्हणजे सगळे ज्याला टी-टू म्हणतात ते, फार आवडतं. चेक-इनच्या दालनाची बाहेरची बाजू तिथे काचेची आहे. पोलादी दोऱ्यांच्या ताणावर उभी असलेली ही भिंत सुमारे 15 मीटर उंच आहे. तिचे रचनाकार तिला या प्रकारची जगातली सर्वांत लांब भिंत म्हणतात. मला मात्र तिच्या लांबीपेक्षा तिच्यामागचं कारण मोठं वाटतं, आणि ते कारण रचनाकारांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. भारतातल्या नियमामुळे ज्यांना बाहेर थांबावं लागतं, त्या आप्तांना आपलं माणूस आत जाताना दिसत राहावं, म्हणून ही भिंत पारदर्शक आहे.

प्रवासी सुविधांची कुठलीही यादी काढून पाहा. वायफाय, चार्जिंगची सोय, बालसंगोपन कक्ष, सामानाची ट्रॉली, पिण्याचं पाणी, प्रार्थनेची खोली, सरकते जिने. ही सगळी सोय तिकीटधारकासाठी असते. जो प्रवासी नाही, ज्याच्याकडून विमानतळाला एक रुपयाही मिळणार नाही, त्याचा विचार नकाशा काढतानाच करणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. नियम मोडता येत नव्हता. मग नियमाने उभी केलेली भिंत रचनाकारांनी काचेची केली.

त्या काचेपाशी रात्री अकरानंतर थोडा वेळ उभं राहावं. आत मुलगा रांगेत आहे. बाहेर आई काचेला हात लावून उभी आहे. दोघांच्या कानाला फोन आहे आणि दोघं एकमेकांकडे बघत बोलत आहेत. बॅग वजनकाट्यावर चढते, मुलाचा चेहरा पडतो, आणि बाहेर बापाला न सांगता कळतं की वजन जास्त भरलं. बॅग उघडली जाते. मेतकूट राहतं, काळ्या मसाल्याचं पुडकं राहतं, जाड स्वेटर अंगात चढतो, दोन पुस्तकं हातात येतात. बाहेरून मामा खुणा करून सांगतो, पुस्तकं पाठीवरच्या पिशवीत टाक. मग बोर्डिंग पास हातात येतो, तो उंच धरून दाखवला जातो, आणि बाहेरच्या घोळक्यात जीव येतो. दालनाच्या टोकाला वळण आहे. तिथपर्यंत मुलगा दिसतो. साध्या भिंतीच्या टर्मिनलात हा सगळा वेळ बाहेरच्यांना नुसत्या अंदाजावर काढावा लागला असता.

या इमारतीचा आराखडा एसओएम या मूळच्या शिकागोच्या वास्तुरचना संस्थेचा. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते 10 जानेवारी 2014 रोजी तिचं उद्घाटन झालं आणि 12 फेब्रुवारीपासून विमानं सुटू लागली. दुबईची बुर्ज खलिफा याच संस्थेची, हे पुष्कळांना माहीत असतं. मला त्यांचं आणखी एक काम या काचेच्या भिंतीच्या अगदी जवळचं वाटतं. ते म्हणजे जेद्दाहचं हज टर्मिनल. 1981 मध्ये ते सुरू झालं. ढाक्यात जन्मलेले थोर अभियंते फझलुर रहमान खान यांचा त्यात मोठा वाटा होता. हजच्या काही आठवड्यांत लाखो माणसं एकाच विमानतळावर उतरतात. कागदपत्रं पुरी होऊन मक्केची बस मिळेपर्यंत त्यांना तासन्‌तास थांबावं लागे. एवढ्या माणसांसाठी बंद, वातानुकूलित दालन बांधणं परवडणारं नव्हतं, आणि खेड्यांतून आलेल्या यात्रेकरूंना ते सोसलंही नसतं. म्हणून पोलादी खांबांना टांगलेले, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे 210 तंबू उभारले आणि चारी बाजू मोकळ्या ठेवल्या. प्रत्येक तंबू मध्यभागी वर निमुळता होतो आणि तिथून तापलेली हवा निघून जाते. खाली सावलीत माणसं पथारी पसरतात, जेवतात, नमाज पढतात, झोपतात. कोण येणार, किती वेळ थांबणार आणि थांबताना काय करणार, या तीन प्रश्नांतून अख्खी वास्तू उभी राहिली. 1983 मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मुंबईच्या काचेमागे मला तोच स्वभाव दिसतो.

आता दालनात शिरू. मान आपोआप वर जाते. 30 खांब वर जाता जाता फुलत जातात आणि छतात मिसळतात. खांब कुठे संपला आणि छत कुठे सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. सुमारे 70,000 चौरस मीटरचं हे छत प्रसरणाची फट न ठेवता एकसंध घडवलं आहे. छताच्या खोलगट नक्षीत रंगीत काचेच्या लहान लहान चकत्या बसवल्या आहेत. मोराच्या पिसाऱ्यावरून ती कल्पना घेतली. दिवसा त्यांतून रंगाचे ठिपके खाली उतरतात, फरशीवर, ट्रॉलीवर, रांगेतल्या माणसांच्या खांद्यावर. आखाताची, युरोप-अमेरिकेची बरीच विमानं रात्रीची असल्याने दूर जाणाऱ्या अनेकांना हे दिसत नाही, याची मला हळहळ वाटते. ज्यांचं विमान दिवसाचं आहे त्यांनी अर्धा तास आधी यावं आणि फक्त एवढंच पाहावं.

या छताला मी सोय मानतो, आणि ती केवळ डोळ्यांची नाही. खांब कमी आणि दूर दूर असल्यामुळे दारात उभं राहिलं की दालनाचा मोठा भाग एका नजरेत येतो. रांगा कुठे आहेत, माणसं कुठल्या दिशेला चालली आहेत, हे पाटी न वाचता समजतं. नॉर्मन फॉस्टर यांनी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाचं टर्मिनल 1991 मध्ये पुरं केलं तेव्हा हाच विचार टोकाला नेला होता. वातानुकूलनाची यंत्रणा, नळ्या, तारा त्यांनी छतातून काढून जमिनीखाली घातल्या. छताकडे उजेड देणं आणि पाऊस अडवणं एवढंच काम उरलं. दारातून शिरणाऱ्याला समोर थेट धावपट्टीकडचा उजेड दिसावा आणि त्या रोखाने चालत जावं, अशी ती मांडणी होती. नंतर तिथे दुकानं वाढली, तो भाग निराळा. उजेड हाच रस्ता दाखवतो, ही मूळ कल्पना मला आजही टर्मिनलच्या रचनेतली सर्वांत निर्मळ कल्पना वाटते.

कुणाला विचारावं लागू नये, ही माझ्या लेखी टर्मिनलमधली पहिली सोय. बाकीच्या तिच्यानंतर. आणि या कसोटीवर आपली विमानतळं अजून कमी पडतात याचा पुरावा रोज डोळ्यांसमोर चाकांवरून जात असतो. अमेरिकेतला मुलगा आईला फोनवर सांगतो, व्हीलचेअर मागून ठेवली आहे, बसून जा, लाजू नको. आईच्या पायांना काहीही झालेलं नाही. कापूस वेचण्याच्या दिवसांत ती शेतात दिवसभर वाकून उभी असते. पण इंग्रजी येत नाही. मुंबईत विमान बदलायचं, मग फ्रँकफुर्टला किंवा दोह्याला पुन्हा बदलायचं, आणि वाटेत कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीवर मुलाने काढलेला तो तोडगा असतो. खुर्चीबरोबर माणूस मिळतो. तो रांगेतून नेतो, कागद दाखवतो, थेट फाटकापाशी आणून बसवतो. आईला हवा असतो तो माणूस. खुर्ची त्याच्याबरोबर येते.

यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. माझ्या मनात त्या आईबद्दल आणि तिच्या मुलाबद्दल आदरच आहे. खऱ्या गरजूला खुर्चीसाठी ताटकळावं लागतं हे खरं, आणि ते वाईटच. पण त्याचा दोष आईकडे जात नाही. खुर्ची ढकलणारा जी उत्तरं देतो ती इमारतीने द्यायला हवी होती. माझी रांग कोणती, आता पुढे काय, किती वेळ उरला, स्वच्छतागृह कुठे, ही बाई माझ्यावर ओरडत आहे की सगळ्यांवर? एवढेच प्रश्न असतात. शेवटचं उत्तर इमारत देऊ शकत नाही. आधीची सगळी देऊ शकते.

जगात या प्रश्नांवर मन लावून काम झालं आहे. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर 1967 मध्ये बेनो विसिंग यांनी पाट्यांची रंगसंगती ठरवली आणि ती जगभर पोचली. पॅरिसच्या रोआसी विमानतळासाठी आद्रियान फ्रुटिगर यांनी दुरून, चालता चालता, तिरक्या नजरेनेही वाचता येईल असं अक्षर घडवलं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने 1974 मध्ये आरेखनकारांच्या संस्थेकडून 34 चित्रखुणा करून घेतल्या, आणि आज उमरीतलं पोरही सामानाची, जिन्याची, उपाहारगृहाची ती खूण ओळखतं. देवनागरी पाट्यांवर मात्र तेवढी मेहनत झालेली मला दिसत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. रोमन अक्षराला दिलेल्या उंचीतच देवनागरी कोंबली की अक्षराचं अंग बारीक होतं आणि पाटी दुरून वाचता येत नाही. मराठी पाटीवर आहे, पण नजरेत भरत नाही, असं अनेक ठिकाणी होतं ते त्यामुळे. देवनागरीसाठी पाटीची उंचीच वाढवली पाहिजे. 2018 च्या अखेरीस, सुरेश प्रभू नागरी विमान वाहतूक मंत्री असताना, विमानतळांवरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदी आणि इंग्रजीत कराव्यात असा आदेश निघाला, तो मला फार मोलाचा वाटला. पण गोंगाट कमी व्हावा म्हणून मोठ्या विमानतळांवर घोषणा कमी होत चालल्या आहेत. शांतता चांगलीच. ज्याचे कान घोषणेवर होते त्याला ती शांतता घाबरवते, म्हणून तिथे पाटी दुप्पट स्पष्ट हवी.

खुर्च्यांबद्दल थोडं. विमानतळावरच्या बसण्याचा आजचा आकार 1962 चा आहे. ईरो सारिनेन यांनी आखलेलं वॉशिंग्टनजवळचं डलेस टर्मिनल उभं राहत होतं, शिकागोचं ओ'हेअर वाढत होतं, तेव्हा चार्ल्स आणि रे ईम्स यांनी एका दांडीवर ओळीने टांगलेल्या, झोळीसारख्या खुर्च्या घडवल्या. पाय थोडे, म्हणून खाली झाडू फिरतो. बसण्याचा भाग फाटला तर तेवढाच बदलता येतो. आज जगातल्या कितीतरी प्रतीक्षालयांत त्याच खुर्च्या किंवा त्यांच्या नकला आहेत. सुंदर वस्तू आहे, वाद नाही. पण दोन जागांमधल्या हातांमुळे त्यांवर आडवं होता येत नाही, आणि रात्री दोनच्या विमानासाठी आठ वाजताच आलेल्या म्हाताऱ्याला पाठ टेकायची असते. नांदेडच्या फलाटावर चादर अंथरून गाडीची वाट बघत वाढलेल्या आम्हा लोकांना ही अडचण पटकन कळते. दर दालनात हात नसलेली, रुंद, सपाट बैठक थोडी तरी असावी.

टी-टूमधली कलाभिंत हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. राजीव सेठी यांनी मांडलेला 'जय हे' हा संग्रह सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर पसरला आहे, भारताच्या कानाकोपऱ्यातल्या कारागिरांचं आणि कलावंतांचं हजारो वस्तूंचं काम त्यात आहे. दारं, झरोके, देवड्या यांचा एक भाग आहे. पालख्या, गाड्या, नावा अशा वाहनांचा दुसरा. लांबच लांब चालावं लागणाऱ्या इमारतीत चालण्यालाच बघण्याचं काम देणं ही या संग्रहाची खरी कल्पकता. सरकत्या पट्ट्यावर उभं राहिलं की जुनी दारं बाजूने सरकत जातात आणि फाटक किती लांब आहे याचा विसर पडतो. निघणारा प्रवासी घड्याळ बघत असतो, त्याचं लक्ष कमी जातं. उतरलेल्याला मात्र ही भिंत पुरेपूर मिळते. परतताना तिच्यासाठी वेळ काढावा.

काही गोष्टी मला इथे पटत नाहीत. सुरक्षा तपासणी आटोपली की वाट दुकानांच्या मधून काढली आहे. अत्तरं आणि चॉकलेटं यांच्यामधून वळसे घेत माणूस फाटकं शोधतो. छताने दारात जो सरळपणा दिला तो इथे हरवतो. हे दोष एकट्या मुंबईचे नाहीत, आजच्या बहुतेक मोठ्या विमानतळांचे आहेत. चहाचंही तसंच. आत गेल्यावर चहा पिणं हा पुष्कळांना खर्च वाटतो आणि ते तहान, भूक मारून बसतात. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. तिथे 10 रुपयांना चहा, 10 रुपयांना पाण्याची बाटली आणि 20 रुपयांना समोसा मिळू लागला. एवढ्या लहान टपरीने प्रवाशाच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा आणला तो संगमरवराने येत नाही. पुढे चेन्नईलाही तो आला. प्रत्येक टर्मिनलात, आणि दाराच्या बाहेरही, तो असावा.

ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रोची तिसरी मार्गिका टी-टूच्या खाली पोचली आणि वर्षभरात ती दक्षिण मुंबईपर्यंत गेली. म्हणजे देवगिरीने सीएसएमटीला उतरलेलं माणूस आता रस्त्यावर न येता, टॅक्सीवाल्याशी भाव न करता थेट विमानतळाखाली निघू शकतं. माझ्या मते टी-टू सुरू झाल्यापासून त्यात पडलेली ही सर्वांत मोठी भर आहे, आणि ती इमारतीच्या बाहेरची आहे.

नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणं सुरू झाली. झाहा हदिद आर्किटेक्ट्सने कमळावरून आकार घेतला आहे; पाकळ्यांसारखे उमलणारे 12 स्तंभ, आणि छताचा भार पेलणारे 17 प्रचंड खांब. चेक-इनच्या 88 जागांपैकी 22 ठिकाणी प्रवाशाने स्वतःच यंत्रावर सामान सोपवायचं आहे. रोज उडणाऱ्याला हे वरदान आहे. पहिल्यांदा उडणाऱ्याच्या बाजूला मात्र यंत्राजवळ मराठी बोलणारं माणूस उभं हवं. आणि या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशा दहा गावांच्या वस्त्या उठल्या, तेव्हा त्या गावांची नावं टर्मिनलच्या आत कुठेतरी ठळक, वाचता येईल अशी कायमची कोरलेली असावीत असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं लिहिताना माझं मन नांदेडकडे धावतं. श्री गुरू गोबिंदसिंघजी विमानतळ 2008 च्या, शिखांच्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीसाठी नव्याने सजला. 27 एप्रिल 2017 रोजी लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानांमध्ये हैदराबाद-नांदेडचं विमान होतं. मध्ये सेवा थांबली, पुन्हा सुरू झाली. इथल्या प्रवाशाचा चेहरा मुंबईपेक्षा वेगळा आहे. पंजाबहून सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणारी वृद्ध माणसं, आणि त्याच दाराने पहिल्यांदा विमानात बसणारी उमरी, भोकर, मुदखेड, धर्माबादची माणसं. दोघांनाही सोडायला-घ्यायला मोठं कुटुंब येतं. मे महिन्यात इथला पारा 42-43 अंशांवर जातो आणि ही सगळी माणसं बाहेर असतात.

नांदेडचं टर्मिनल पुढे कधी वाढवलं जाईल तेव्हा आरेखन करणाऱ्याने जेद्दाहचे तंबू आणि सहारची काच दोन्ही समोर ठेवावीत. दारासमोर उंच छत, चारी बाजूंनी वारा, खाली हात नसलेली रुंद बाकं, गार पाण्याचे नळ, दहा रुपयांचा चहा. मराठी, पंजाबी, हिंदी, तेलुगू आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांच्या पाट्या. आणि चेक-इनची भिंत काचेची. विमानतळ लहान असल्यामुळे इथे मुंबईला कधीच जमणार नाही ते जमू शकतं. तिथे काचेतून माणूस वळणापर्यंतच दिसतो. इथे कठड्यामागे एक उंच ओटा बांधला, तर पोचवायला आलेल्यांना विमानाच्या शिडीपर्यंत चालत जाणारं माणूसही दिसेल.